बाबांच्या नावाची खाट

"पेशंट तुमचे कोण?" फोनवरच्या माणसानं विचारलं.

"वडील," मी म्हणाले.

"वय?"

"अठ्ठावन्न."

"दारूच ना? की आणखी काही?"

मी काम करत होते त्या कॉलेजच्या ग्रंथालयामागे एक खोली होती. बांधणीला पाठवायची फाटकी पुस्तकं तिथं ठेवत असू. दार आतून लावून मी एका गठ्ठ्यावर बसले होते. दारूच, मी म्हणाले. किती वर्षं झाली, असं त्यानं विचारलं, मी सहा सांगितली. सहा वर्षं हे खरं होतं. बाकी सगळं खोटं. माझ्या वडिलांनी दारू सोडाच, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलेलं नव्हतं. पेशंट आई होती.

आई इस्लामपुरातल्या एका प्रसूतिगृहात सिस्टर होती. सहा वर्षांपूर्वी एका बाळंतिणीला टेबलावरून उतरवताना तिच्या मणक्यात चमक भरली आणि ती महिनाभर वाकून चालत होती. दुखणं थांबवणारं इंजेक्शन त्यांच्या कपाटात असायचं, आणि टोचून घ्यायला तिला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. मणका पुढं बरा झाला. इंजेक्शन सुटलं नाही. घरात आम्ही या गोष्टीला "आईची पाठ" म्हणायचो. आज आईची पाठ जास्त आहे, असं बाबा म्हणाले की त्या दिवशी तिच्याशी बोलायचं नाही, एवढं मला कळायचं.

त्या आठवड्यात सोमवारी प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. सीझर झालेली एक बाई आदल्या दिवशी दुपारभर कण्हत पडली होती, आणि तिच्या कागदावर इंजेक्शन दिल्याची आईची सही होती. बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, पुढच्या सोमवारपर्यंत सिस्टर कुठं उपचाराला दाखल झाल्या तर मी हे इथंच ठेवीन. नाही झाल्या तर मला कळवावं लागेल, पोलिसांनाही. मग त्यांची नोंदणी जाईल आणि कदाचित त्याही आत जातील.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई लसूण सोलत होती. ती सोलतच राहिली. पुढच्या महिन्यात बघू, म्हणाली. मग म्हणाली, घरीच बंद करते. मग रात्रीचं जेवण झाल्यावर, भांडी विसळता विसळता, आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "शनिवारी येते. शनिवारी नेलंत तर येते. त्यानंतर मला विचारू नका."

चौकशी मी करायची असं ठरलं, पण नाव कुणाचं सांगायचं? इस्लामपूर लहान आहे, आणि आजूबाजूच्या तीन तालुक्यांतल्या बाया आईच्या हाताखाली बाळंत झालेल्या. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस, बोलणं बेताचं. ते म्हणाले, "माझं नाव सांग. पुरुषाचं काय, लोक दोन दिवस हळहळतात आणि विसरतात."

आई ऐकत होती.

अशी मी तीन दिवस त्या खोलीत बसून फोन करत होते. वहीत रकाने आखले होते. अंतर किती, डॉक्टर रोज येतो का, किती दिवस ठेवतात, भेटू कधी देतात. चार ठिकाणं सापडली. कऱ्हाडच्या अलीकडे एका जुन्या मंगल कार्यालयात एक होतं. तिथला माणूस अभिमानानं म्हणाला, आमच्याकडे गोळ्याबिळ्या नाहीत, भजन आणि बंद दार, बास. दुसरं सांगलीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. सगळं नीट, पण तीन आठवडे जागा नाही. तिसरं विट्याच्या वाटेवर माळावर. डॉक्टर आठवड्यातून तीनदा, एकवीस दिवस, चालवणारा माणूस स्वतः दारूतून उठलेला. चौथं मिरजेत. तिथं एका वयस्कर बाईनं फोन उचलला. माझं सगळं ऐकून न घेताच म्हणाली, "पेशंटला फोन द्या." मी म्हटलं, ते आत्ता इथं नाहीत. "मग ते असतील तेव्हा करा," आणि फोन ठेवून दिला. मी मिरजेवर काट मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, उद्धट.

वाचनाची सवय असलेल्या माणसाला एक खोड असते. कागदावर नीट उतरलं की त्याला वाटतं, समजलं. मी बाकीच्या तिन्ही ठिकाणी सगळं विचारलं, गाद्या कोण धुतं हेसुद्धा. बायकांना घेता का, हे कुठंच विचारलं नाही. विचारलं असतं तर पेशंट कोण ते फुटलं असतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तो प्रश्न मला सुचलाच नाही. एकदा तिथं पोचू, डॉक्टरांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगू, मग ते करतील, असं मी धरून चालले होते.

गुरुवारी बाबांनी दुकान बंद ठेवलं. घाऊक बाजारातून घड्याळांचे पट्टे आणायचे आहेत म्हणून सकाळच्या गाडीनं गेले आणि संध्याकाळी परत आले. जेवण झाल्यावर मी वही त्यांच्यापुढं ठेवली. माझं मत सांगलीच्या बाजूनं होतं, ओळख काढली तर जागा मिळेल असं वाटत होतं. बाबांनी चारही पानं सावकाश वाचली आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हेच का?"

"माळावर आहे. हवा चांगली असेल."

मला त्यांचा रागच आला. तीन दिवस मी डॉक्टर आणि औषधं विचारत होते, आणि हे हवा बघून ठरवत होते. पण बाबा हट्ट धरत नसत. धरला, तर मोडायची सवय आम्हाला नव्हती.

शनिवारी सकाळी सात वाजता आई न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ सोडलेला होता. बाबा ओट्यापाशी चहा गाळत होते. आत काय चाललं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि आम्ही दोघंही चहाकडे बघत होतो. नळ बंद झाला. आई बाहेर आली ती पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून. फेब्रुवारीचं ऊन तापायला लागलं होतं, पण तो स्वेटर ती गेली दोन-तीन वर्षं बारा महिने घालत होती.

आम्ही वडापच्या जीपनं निघालो. आई आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती. पहिला तासभर ती बरी होती. रस्त्याकडेच्या घरांकडे बघून, इथली एक अडलेली बाई कशी सुटली ते सांगत होती. मग जीप बदलली आणि तिचं बोलणं थांबलं. जांभया येऊ लागल्या, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या. नाक वाहू लागलं. पदर कपाळाला लावून ती म्हणाली, "उतरूया. माझी पाठ दुखतेय."

"आलंच," बाबा म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. बाबा पुन्हा आलंच म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं माझं मनगट धरलं. बोटं ओली आणि गार होती. मी ड्रायव्हरला हाक मारणार होते. बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं.

माळावर पत्र्याची लांब शेड होती. पुढं ओसरी, ओसरीच्या टोकाला लोखंडी जाळीचं दार, दाराला बाहेरून कडी. आतल्या खाटा ओसरीवरून दिसत होत्या, दोन रांगांमध्ये. दहा-बाराजण सतरंजीवर बसून मेथी निवडत होते. एक आडवा माणूस पुढं आला, पांढरा पायजमा, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. ते सर्जेराव, हे ठिकाण चालवणारे. फोनवर मी ज्यांच्याशी बोलले होते ते हेच. आमच्याकडे एकदा बघून ते सरळ बाबांच्या खांद्यावर हात ठेवून मोकळे झाले.

"या लाटकर. लाजायचं कारण नाही. मी बावीस वर्षं प्यायलोय. माझ्यापुढं तुम्ही बालवाडीत."

मेथी निवडणारे हसले. मी म्हणाले, आधी डॉक्टरांशी जरा एकटीला बोलायचं आहे. डॉक्टर सोमवारी येतात, ते म्हणाले, माझ्याशीच बोला, डॉक्टरांनाही मीच सांगतो. मी तिथं, त्या सगळ्यांसमोर, काय बोलणार होते? मी वळून आईकडे बघितलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून.

सर्जेरावांनी कागद काढला. नाव, वय, धंदा. बाबांनी सगळं सांगितलं. रोज किती, असं विचारल्यावर ते अडले. त्यांना मापं माहीत नव्हती. "असते थोडी," ते म्हणाले.

"थोडी. बघा, सगळ्यांची थोडीच असते. हात पुढं करा."

बाबांनी हात पुढं केले. बोटं ताठ, तळवे खाली. सर्जेराव त्या हातांकडे बघत राहिले. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरून बसवणारे ते हात होते. त्यांत जरासुद्धा कंप नव्हता.

"येताना घेऊन आलाय," सर्जेराव ठामपणे म्हणाले. "हात असे एक तर लहान पोराचे असतात, नाही तर नुकती घेतलेल्याचे. वास मारू नये म्हणून काय खाल्लं, वेलदोडा?"

पुन्हा हसणं झालं. बाबाही कसनुसे हसले. खांबापाशी आईचे हात थरथरत होते आणि तिकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

नातेवाइकानं सही करायची जागा मला दाखवली. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी सही केली.

मग बाबांची पिशवी उलटी करून तपासली. पट्टा काढून घेतला, पाकीट घेतलं, खिशातला बोटभर पेचकस घेतला. मनगटातलं घड्याळ काढायला सांगितलं. ते त्यांनी काढलं, चालू आहे ना ते कानाशी धरून बघितलं आणि दिलं. मला अजून वाटत होतं, आता ते बोलतील. पट्टा नसल्यामुळे एका हातानं पँट धरून ते त्या जाळीच्या दाराकडे चालू लागले. सर्जेरावांनी कडी काढली.

"अहो, थांबा," आई म्हणाली.

बाबा थांबले, पण वळले नाहीत.

"त्यांना सोडा. पेशंट मी आहे."

सर्जेराव थकल्यासारखे हसले. "वहिनी, हे दार उघडलं की सगळ्या बायका असंच काहीतरी बोलतात. परवा एक म्हणाली, बाटली मीच आणून देते, मलाच कोंडा. घरी जा. एकवीस दिवसांनी नवरा ओळखू यायचा नाही तुम्हाला."

आई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि स्वेटरची बाही वर सारली. मीही तो हात त्या दोन-तीन वर्षांत उघडा पाहिला नव्हता. कोपरापासून खाली जागोजाग गाठी होत्या, काही काळ्या पडलेल्या, एक नवी, लाल. ती दुसरी बाही वर करू लागली तेव्हा सर्जेराव म्हणाले, पुरे.

"दिवसाला सहा," आई म्हणाली. "कधी आठ. शेवटचं आज सकाळी सातला." ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटचं सांगतात तसा तिचा आवाज होता. "आता दोन-तीन तासांत मला उलट्या सुरू होतील. त्याआधी काय ते ठरवा."

मेथीवरचे हात थांबले होते. त्यांतला एक म्हातारा उठला, आतून खुर्ची आणली आणि आईच्या मागे ठेवून परत जागेवर जाऊन बसला.

सर्जेरावांनी आईकडे बघितलं, मग बाबांच्या हातांकडे, मग माझ्याकडे. "फोनवर तूच ना? गाद्या कोण धुतं, असं विचारलंस. मग एवढं एक विचारायचं राहिलं?" ते चिडले नव्हते. "इथं चाळीस गडी आणि एक न्हाणी आहे, पोरी. बाईमाणूस मी कुठं ठेवू?"

मी म्हणाले, आज नाही झालं तर ती पुन्हा येणार नाही. तुमच्याकडे जागा नसेल तर ती कुठं आहे ते सांगा, मी पाया पडते. त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं आणि आत जाऊन फोन लावला. मिरजेला. कापसे बाई, ते म्हणत होते, सिस्टर आहेत, इंजेक्शनचं आहे. पलीकडून काहीतरी ऐकून ते बाहेर आले आणि त्यांनी फोन आईपुढं धरला. "त्या तुमच्याशीच बोलणार."

आईनं फोन घेतला. स्वतःचं नाव सांगितलं, सुमती मुरलीधर लाटकर, वय एक्कावन्न, मग औषधाचं नाव, किती, किती वर्षं. मग बराच वेळ नुसतं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हो, माझ्या मनानं." आणखी काही विचारलं गेलं असावं. "आत्तापर्यंत नव्हतं. आत्ता आहे."

सर्जेरावांनी बाबांना पट्टा आणि घड्याळ परत दिलं. म्हणाले, घड्याळवाले, माफ करा, पण असे हात घेऊन आमच्याकडे यायचं नसतं. त्यांनीच एक गाडी करून दिली. मिरजेपर्यंत आईला दोनदा उतरावं लागलं. दुसऱ्यांदा ती रस्त्याकडेला बसली ती उठेना. मला जमणार नाही, मला घरी सोडा, म्हणू लागली. बाबा तिच्याशेजारी मातीत बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. फार बोलले नसतील. पाच-सात मिनिटांनी दोघं उठून गाडीत आले.

डॉ. कापसे साठी उलटलेल्या, ठेंगण्या बाई होत्या. जुन्या बंगल्याच्या मागच्या बाजूला बायकांसाठी सहा खाटा, त्यांतल्या दोन रिकाम्या. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि आईला एकटीला आत नेलं. कागदावर सही तिची तिनंच केली. सही झाल्यावर बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही निघा, आठ दिवस येऊ नका, पुढचे चार दिवस त्यांना कुणी बघितलेलं त्यांनाच आवडणार नाही.

समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मला एकदम रडू आलं. मी बाबांना म्हणाले, माझी चूक झाली, मी नीट विचारलं असतं तर तुम्हाला त्या लोकांपुढं असं उभं राहावं लागलं नसतं.

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"काय?"

"तिथं बायका घेत नाहीत ते."

गुरुवारी ते पट्टे आणायला गेलेच नव्हते. वहीतली ठिकाणं त्यांनी बुधवारीच उतरवून घेतली होती. कऱ्हाडला आणि सांगलीला जायला वेळ नव्हता, तिथं बाजारातल्या बूथवरून फोन केला. विट्याच्या वाटेवर जीपनं जाऊन शेड बाहेरूनच बघितली आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं. तिथून मिरजेला आले आणि डॉ. कापसेंना भेटले. बायकांना घेणारं हे एकच होतं. पण बाईंनी सांगितलं, नवऱ्यानं किंवा मुलीनं आणलेली बाई मी घेत नाही, ती तिसऱ्या दिवशी पळते. स्वतःच्या तोंडानं मी पेशंट आहे म्हणाली तरच आणा.

"सहा वर्षांत ती तसं म्हणाली नाही," बाबा म्हणाले. "इथं आणली असती तर इथंही पाठ दुखते म्हणाली असती. म्हटलं, मला आत नेताना बघेल तर बोलेल."

"आणि नसती बोलली तर?"

त्यांनी थोडा विचार केला. "तर राहिलो असतो एकवीस दिवस. दुसरं काय करणार?"

बाबांची आजही तीच समजूत आहे, की त्यांना त्या दाराकडे जाताना बघून आई बोलली. गेल्या श्रावणात आई गेली, हृदय बंद पडून, दुपारी झोपेत. मिरजेनंतर एकदा तिचा पाय पुन्हा घसरला होता, चार दिवस. पाचव्या दिवशी ती कुणाला न सांगता एकटी मिरजेला जाऊन दाखल झाली. नंतरची तेरा वर्षं स्वच्छ गेली. समाचाराला आलेल्या लोकांत सर्जेरावही होते. बाबांनी त्यांनाही तेच सांगितलं, मला बघून ती बोलली. मी आत चहा करत होते. मी बाहेर आले नाही.

त्या वेळी आठव्या दिवशी मी आईला भेटायला गेले होते. ती निम्मी झाली होती, पण डोळे माझ्या लहानपणीचे होते. अर्ध्या बाह्यांचं पोलकं घालून खाटेवर बसली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाबा आत चालले होते, तेव्हा तू का गप्प राहिलीस?"

"धीर झाला नाही," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

धीराचा प्रश्न नव्हता. ओसरीपासून त्या दारापर्यंत बारा-तेरा पावलं असतील. बाबा पँट धरून चालत होते आणि माझ्या मनात आलं, झालं एकदाचं. आता आई माझ्याबरोबर घरी येईल. गरम वरणभात लावीन, तिची पाठ शेकून देईन, सोमवारचं सोमवारी बघू. त्या बारा पावलांत मी बाबांना आत सोडून दिलं होतं आणि मला हलकं वाटलं होतं. तोंडावर हसूही आलं असेल.

आई बाबांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मग म्हणाली, अहो, थांबा.